केपटाऊनची कॅरव्हॅन आणि तिला ओढणारी गाडी

केपटाऊन शहराबाहेर, समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांजवळ मकॅसर नावाची वस्ती आहे. हे नाव इंडोनेशियातल्या मकासरवरून पडलं. तिथल्या शेख युसूफ यांना डचांनी हद्दपार करून १६९४ मध्ये या किनाऱ्यावर आणलं आणि पाच वर्षांनी, १६९९ मध्ये, इथेच त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मजारीला स्थानिक लोक ‘क्रामत’ म्हणतात. दरवर्षी ईस्टरची सुटी आली की केपटाऊनची शेकडो मुसलमान कुटुंबं या क्रामतच्या पायथ्याशी तंबू ठोकून राहतात. तंबूंच्या जोडीला कॅरव्हॅनही असतात. कॅरव्हॅन म्हणजे दोन चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, ओटा, गॅस, बेसिन सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. ते मोटारीच्या मागे हुकाला जोडून ओढत न्यायचं.

माझ्या मामूंचं घर केपटाऊनच्या रायलँड्स भागात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या रत्नागिरी-रायगडकडची माणसं तिकडे गेली, तिथलीच झाली. त्यांच्या घरांत अजून कोकणी बोलली जाते, मात्र मधूनमधून आफ्रिकान्स शब्द येतात. मामूंच्या अंगणात त्यांची कॅरव्हॅन उभी असते. ती त्यांना इतकी प्यारी का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. १९५३ च्या कायद्याने तिथे किनारे, बागा, सहलीच्या जागा वंशानुसार वेगळ्या केल्या होत्या. चांगल्या जागांवर गोऱ्यांसाठीची पाटी असायची. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तोपर्यंत रंगाने वेगळ्या ठरवलेल्या कुटुंबांना सुटीत जायला जागाच मोजक्या होत्या. कायदा गेला तेव्हा मामूंनी जुनी कॅरव्हॅन घेतली आणि ज्या ज्या किनाऱ्यावर पूर्वी जाता येत नव्हतं तिथे मुलांना घेऊन गेले. स्वतःचं स्वयंपाकघर सोबत असल्याने वाटेत हलाल जेवणाची काळजी नाही, आणि वजूला पाणी, नमाजला जागा हाताशी. फक्त किब्ल्याची दिशा तेवढी आपल्यासारखी पश्चिमेला नाही. केपटाऊनहून मक्का उत्तरेला, किंचित पूर्वेकडे येते.

मी गेलो होतो तेव्हा घरात एकच विषय चालू होता. कॅरव्हॅन ओढणारी जुनी स्टेशन वॅगन थकली होती. डिसेंबरच्या शाळेच्या सुटीत सगळ्यांना जोहान्सबर्गला मामूंच्या मुलीकडे जायचं होतं. अंतर १,४०० किलोमीटर. माणसं सात, त्यांत मामू पंचाहत्तरीचे आणि धाकटा नातू चार वर्षांचा. व्याजाच्या हप्त्यावर गाडी घ्यायची नाही हे घरात ठरलेलं, त्यामुळे साठवलेल्या रोख पैशांत, दोन लाख रँडच्या आत, वापरलेली फोर बाय फोर शोधायची होती. रँडचा हिशेब आपल्या रुपयांत केला तर तेव्हा नऊ-दहा लाख. मामेभाऊ, म्हणजे आमचे भाई, यांचं लक्ष इंजिनाच्या ताकदीकडे होतं. भाबींचं लक्ष वजनाकडे. दोन आठवडे त्यांच्याबरोबर हिंडल्यावर माझं मत पक्कं झालं की भाबींचा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

कारण असं की ओढण्याला ताकद लागते हे खरं, पण घाटात उतरताना मागच्या दीड टनाला धरून ठेवायला लागतं ते पुढच्या गाडीचं वजन. हलक्या गाडीला मोठं इंजिन बसवलं तर ती कॅरव्हॅनला वर घेऊन जाईल. खाली येताना मात्र कॅरव्हॅन तिला ढकलेल. म्हणून ब्रिटनमधले कॅरव्हॅनवाले नवशिक्यांना एक अंदाज सांगतात: भरलेली कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. हा कायदा नव्हे, अनुभवाचं बोलणं आहे. दक्षिण आफ्रिकेचा कायदा वेगळ्या शब्दांत जवळपास तिथेच येतो. ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंतच, आणि तोही गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. त्यापुढच्या कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेत. हे ब्रेक मोठे मजेशीर असतात. पुढची गाडी थांबू लागली की कॅरव्हॅन तिच्यावर रेलते, हुकाजवळचा दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबानेच कॅरव्हॅनच्या चाकांना ब्रेक लागतात. असे ब्रेक असलेली कॅरव्हॅनदेखील ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा जड नसावी. परवानाही निराळा. साधा ‘बी’ परवाना ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला पुरतो, त्याहून जड असेल तर ‘ईबी’ लागतो. भाई आणि भाबी दोघांकडेही तो होता.

मामूंच्या कॅरव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे होते. रिकामं वजन १,१८० किलो. सामानासह कमाल १,५०० किलो. म्हणजे ३२० किलो सामान. भाबींनी आधी कॅरव्हॅन नेहमीसारखी भरायला लावली आणि भाईंना ती वजनकाट्यावर न्यायला सांगितलं. काटा १,५६० वर थांबला. साठ किलो जास्त! इतकी वर्षं हे असंच चाललं असणार, कुणी मोजलंच नव्हतं. मग अंगणात चटई टाकून एकेक वस्तू बाहेर आली. चाळीस लिटर पाण्याची टाकी भरून नेण्याची मामूंची सवय होती; एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी नळ असतोच. बिर्याणीची मोठी देग झाकणासकट चौदा किलो भरली. ती ठेवायची की नाही यावर जेवढी चर्चा झाली तेवढी गाडीच्या इंजिनावर झाली नसेल.

एकूण वजनाएवढंच महत्त्वाचं असतं ते वजन कुठे ठेवलंय ते. हुकाच्या गोळ्यावर कॅरव्हॅनच्या तोंडाचा भार पडतो. तो एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के असावा, आणि गाडी व हूक यांच्या पाटीवरच्या मर्यादेत असावा. भार फार कमी असेल, म्हणजे जड सामान मागच्या टोकाला असेल, तर वेगात कॅरव्हॅन कुत्र्याच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागते. उतारावर, किंवा शेजारून मोठा ट्रक गेल्यावर, किंवा केपटाऊनचा उन्हाळी आग्नेय वारा आडवा आल्यावर हे अचानक सुरू होतं. अशा वेळी स्टीअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही; ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, चाक सरळ धरून वेग उतरू द्यायचा. गाडी जड असेल आणि तिचा मागचा आस व हूक यांतलं अंतर कमी असेल तर हे हलणं गाडीपर्यंत कमी पोहोचतं. सामान आसाच्या आसपास, तळाशी. हलकी अंथरुणं वर. भाबींनी न्हाणीघरातला वजनाचा काटा आणून हुकाच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा ठेवून मोजलं. ९० किलो. इथे त्या पहिल्यांदा समाधानाने हसल्या.

हे आकडे हातात घेऊनच आम्ही गाड्या बघायला निघालो. केपटाऊनमध्ये जुन्या गाड्या बघायच्या तर बेलव्हिलच्या बाजूचा फोरट्रेकर रस्ता. दोन्ही बाजूंनी पताका लावलेली आवारं, काचेवर रंगाने लिहिलेल्या किमती. अशाच एका आवारातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या, कातडी सीटच्या, हवेच्या सस्पेन्शनच्या मोठ्या गाडीवर भाईंचा जीव जडला. ओढण्याची क्षमता कागदावर साडेतीन टन. विक्रेता तेच पुन्हा पुन्हा सांगत होता. भाबींनी त्याला गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दाखवायला सांगितली. सकाळी गाडीचा एक कोपरा टेकलेला होता. हवेच्या पिशव्या गळत होत्या, आणि अशी दुरुस्ती एका चाकावर थांबत नाही. शिवाय कॅरव्हॅन जोडल्यावर अशा पेट्रोल इंजिनाला १०० किलोमीटरला वीस लिटरहून जास्त तेल लागतं. जोहान्सबर्गला जाऊन यायचं म्हणजे २,८०० किलोमीटर. हिशेब तिथेच संपला.

दुसरी गाडी स्वस्त होती, डिझेल होती, चारही चाकांना ताकद देणारी होती, पण दोन दारांची, आखूड. डोंगरात वळायला अशी गाडी छान. कॅरव्हॅनला मात्र पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त असलेली गाडी हवी. लांब गाडी मागच्या हेलकाव्याने इतकी सहज वळत नाही. आणि सात माणसं बसवायची कुठे?

तिसरी होती टोयोटा फॉर्च्युनर, तीन लिटर डिझेल. आपल्याकडे ही गाडी पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसते. दक्षिण आफ्रिकेत ती डर्बनच्या कारखान्यात बनते आणि शेतकऱ्याचा ट्रेलर, कोळ्याची होडी, शिक्षकाची कॅरव्हॅन असं काहीही ओढते. हे इंजिन १२० किलोवॉटचं, पण ओढण्याच्या कामात महत्त्व असतं फिरवण्याच्या जोराला, टॉर्कला. तो ३४३ न्यूटन मीटर आहे आणि इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो. चढावर इंजिन ओरडावं लागत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. केपटाऊन समुद्रसपाटीला, जोहान्सबर्ग सुमारे १,७५० मीटरवर. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे जोहान्सबर्गला पोहोचेपर्यंत सहावा हिस्सा गेलेला. टर्बो बाहेरची हवा दाबून आत घेतो, म्हणून हे नुकसान बरंचसं भरून निघतं. किनाऱ्यावर चालवून खूश झालेला गिऱ्हाईक वरच्या पठारावर फसतो तो इथे.

मात्र या गाडीच्या नावाखाली फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा प्रकारही विकला गेला आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत लो-रेंजचा वेगळा दांडा आहे का, ते बघायचं. फोर बाय फोर रस्त्यावर नाही, मुक्कामावर उपयोगी पडते. ईस्टरपासून केपटाऊनचा पावसाळा सुरू होऊ लागतो. ओल्या गवतावरून किंवा वाळूतून दीड टन बाहेर काढताना मागची दोन चाकं जागीच फिरतात. चढावर कॅरव्हॅन मागे घ्यायची तर लो-रेंजमध्ये क्लच न जाळता मुंगीच्या पावलाने घेता येते. या तीन लिटरच्या फोर बाय फोर फॉर्च्युनरची चार चाकं कायम जोडलेली असतात आणि मधल्या डिफरन्शियलमुळे डांबरी रस्त्यावर ते चालतं. ज्या गाड्यांत फोर व्हील दांड्याने जोडावं लागतं, त्यांत ते कोरड्या डांबरावर वापरलं तर गिअरच्या सांगाड्यावर ताण साठतो.

पहिली फॉर्च्युनर आम्ही किनाऱ्यावर पाहिली. फक्त १,२०,००० किलोमीटर चाललेली, आरशासारखी चमकणारी. मालक हौशी मच्छीमार. भाई पैसे काढायच्या बेतात होते. मी कोकणातला, खारा वारा लोखंडाचं काय करतो ते लहानपणापासून पाहिलेलं. होडी पाण्यात सोडायची तर गाडी उलटी घेत मागची चाकं समुद्रात उतरवावी लागतात. दर सुटीला मागचा आस, ब्रेकच्या नळ्या, हुकाचे बोल्ट खाऱ्या पाण्यात भिजतात. मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. वरून काळा रंग नवा दिलेला होता, पण ब्रेकच्या नळीवर रंगाखाली फोड आलेले होते. हुकाच्या एका बोल्टाला नखाने खरवडलं तर पापुद्रा हातात आला. भाईंनीही वाकून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

दुसरी मिळाली पार्ल गावात. २०१० ची, २,३५,००० किलोमीटर चाललेली, बोनेटवर रंग उडालेली. मालक निवृत्त शिक्षक. आकडा ऐकून भाईंचा चेहरा उतरला. पण त्या गृहस्थांनी कपाटातून सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढून टेबलावर मांडल्या. तेल वेळेवर बदललेलं. गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचंसुद्धा, जे बहुतेक लोक विसरतात. इंजेक्टर एकदा बदललेले, क्लच १,८०,००० ला नवा. त्यांनी स्वतः कॅरव्हॅनच ओढली होती आणि ती अंगणातच उभी होती, म्हणजे गाडीने काय काम केलंय ते लपलेलं नव्हतं. जुन्या गाडीत मी तरी किलोमीटरपेक्षा अशा पावत्यांना जास्त मोल देईन. ओढलेली गाडी म्हणजे खराब गाडी असं नसतं. मर्यादेत ओढलेली आणि सांभाळलेली गाडी लपवून ओढलेल्या गाडीपेक्षा बरी.

पार्लचा एक फायदा होता, परीक्षेचा घाट दारातच. डु टॉइट्सक्लूफ डोंगराखालून १९८८ पासून जवळपास चार किलोमीटरचा ह्युगेनॉट बोगदा आहे, त्यामुळे वरून जाणारा जुना घाटरस्ता रिकामा असतो. आपल्या कुंभार्लीची आठवण यावी अशी वळणं, फक्त माकडांच्या जागी बबून. मालकांच्या परवानगीने त्यांचीच कॅरव्हॅन जोडून भाईंनी गाडी वर घेतली. पाहायच्या गोष्टी तीन होत्या. चढताना तापमानाचा काटा मध्यावरून हलतो का. मागे निळा धूर येतो का, म्हणजे इंजिन तेल खातंय. आणि उंच गिअरमध्ये अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतंच ओरडतं का, म्हणजे क्लच घसरतोय. माथ्यावर गाडी थांबवून मी रेडिएटरच्या कडा पाहिल्या, कुठे ओल नव्हती. खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिननेच वेग धरला, ब्रेकला पाय फारसा लागला नाही. ऑटोमॅटिक गाडी असती तर तिच्या गिअरचं तेलही पाहिलं असतं. ते लालसर असावं. तपकिरी आणि जळकट वासाचं असेल तर पुढे जाऊ नये.

मालकी बदलताना तिथे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला लागतो. तो ब्रेक, दिवे, टायर यांच्यापुरता असतो. इंजिनाच्या आयुष्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून भाबींनी वेगळे पैसे देऊन स्वतंत्र तपासणी करून घेतली. अहवालात पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि मागच्या स्प्रिंगा थकल्याचं आलं. तेवढी किंमत कमी झाली. घासाघीस मामूंनी केली, बसल्या जागेवरून, आफ्रिकान्समध्ये, तीन वाक्यांत.

मग भाबी पुन्हा वही घेऊन बसल्या. फॉर्च्युनरचं वजन सुमारे १,९०० किलो. कॅरव्हॅन १,५०० च्या आत ठेवली तर ७९ टक्के, बरोबर. पण गाडीच्या दारातल्या पाटीप्रमाणे तिच्यावर साधारण ६०० किलो भार चालणार होता. सात माणसं मिळून ४३०. हुकावरचे ९० गाडीच्याच खात्यात धरायचे. उरले ८०. म्हणजे मागच्या सीटमागे बॅगांची रास नको, आणि छतावर तर काहीच नको. हा हिशेब बहुतेक लोक करत नाहीत. कॅरव्हॅन हलकी करायची म्हणून तिच्यातलं सामान गाडीत टाकतात आणि गाडीचा मागचा आस बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग तरंगतं. शेवटी प्रत्येकाला एकेक लहान बॅग ठरली. टायरमधली हवा भाराच्या तक्त्याप्रमाणे. कॅरव्हॅनचे टायर नक्षी शाबूत असूनही बदलले, कारण वर्षभर उन्हात उभे राहून त्यांच्या कडांना बारीक चिरा पडल्या होत्या. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ती वाचून दाखवल्यावर मामूंना फार नवल वाटलं. ते टायर त्यांच्या थोरल्या नातीपेक्षा वडील निघाले.

डिसेंबरात मी परत गावी होतो. भाबींचा निरोप बोफर्ट वेस्टहून आला, केपटाऊनपासून ४६० किलोमीटरवरच्या कारू वाळवंटातल्या गावातून. हेक्स नदीच्या घाटात काटा हलला नव्हता. माथ्यावर आडवा वारा होता, वेग ८० वर ठेवला, कॅरव्हॅन सरळ राहिली. डिझेल १०० किलोमीटरला पंधरा लिटर. जोहरची नमाज रस्त्याकडेच्या झाडाखाली झाली, आता चहा ठेवलाय. आणि मामू सकाळपासून विचारतायत की देग घरी ठेवून साठ किलो वाचले, तर त्यांतले चौदा परत का घेता येत नाहीत.